भारत आणि म्यानमार यांची सागवान निर्यात

सागवान (शास्त्रीय नाव : टेक्टोना ग्रँडिस) हे भारत आणि म्यानमार (पूर्वीचा ब्रह्मदेश) या दोन्ही देशांच्या जंगलांत नैसर्गिकरीत्या वाढणारे, व्यापारी दृष्ट्या अत्यंत मोलाचे कठीण लाकूड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे दोन्ही प्रदेश सागवान बाहेर पाठवत असत. पुढे म्यानमार हा नैसर्गिक सागवानाचा जगातील प्रमुख निर्यातदार ठरला, तर भारत या लाकडाचा सर्वांत मोठा आयातदार बनला. हा बदल केवळ जंगलांच्या स्थितीमुळे घडलेला नाही. युद्धे, बदललेल्या राजकीय सीमा, निर्यातबंदी, न्यायालयीन आदेश आणि चलनदर यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यामुळे दोन देशांच्या निर्यात मूल्यांचे आकडे शेजारी मांडून त्यांच्या वनसंपत्तीविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. नागपूर व चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातील सागवान हे याचे ठळक उदाहरण आहे. दर्जाने ते नावाजलेले असले, तरी निर्यातीच्या तक्त्यांत ते जवळजवळ आढळत नाही.

संज्ञा आणि वर्गीकरण

लाकूड व्यापारात "कठीण लाकूड" ही संज्ञा रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडासाठी, तर "मृदू लाकूड" ही संज्ञा देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडासाठी वापरली जाते. ही विभागणी वनस्पतिशास्त्रीय आहे. अतिशय हलके असलेले बाल्साचे लाकूडही कठीण लाकडातच मोडते.

आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणात लाकूड व लाकडी वस्तूंचा समावेश ४४ व्या अध्यायात होतो. गोल लाकूड, म्हणजे ओंडके, ४४०३ या शीर्षकाखाली येतात. सहा मिलिमीटरपेक्षा जाड चिरलेले लाकूड ४४०७ खाली आणि विनियरचे पातळ पापुद्रे ४४०८ खाली नोंदवले जातात. लाकडी फर्निचर मात्र ९४ व्या अध्यायात जाते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत सागवानासाठी स्वतंत्र उपशीर्षके देण्यात आली : गोल सागवानासाठी ४४०३.४२ आणि चिरलेल्या सागवानासाठी ४४०७.२३. त्यापूर्वी सहा अंकी पातळीवर सागवान इतर उष्णकटिबंधीय लाकडांबरोबर एकत्र मोजले जाई. म्हणून जुन्या वर्षांची केवळ सागवानाची जागतिक तुलना करताना राष्ट्रीय पातळीवरील अधिक तपशीलवार नोंदींचा आधार घ्यावा लागतो.

नैसर्गिक साठा

सागवानाची नैसर्गिक जंगले भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चारच देशांत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१० हे वर्ष आधारभूत धरून केलेल्या जागतिक पाहणीनुसार या जंगलांचे एकूण क्षेत्र सुमारे २ कोटी ९० लाख हेक्टर होते. त्यांपैकी सुमारे १ कोटी ३५ लाख हेक्टर म्यानमारमध्ये, सुमारे ८७ लाख हेक्टर थायलंडमध्ये आणि सुमारे ६८ लाख हेक्टर भारतात होते.

लागवडीखालील सागवानाचे चित्र वेगळे आहे. त्याच पाहणीत जगातील सागवान रोपवनांचे क्षेत्र सुमारे ४३ लाख हेक्टर नोंदवले गेले. त्यांत भारताचा वाटा सुमारे १७ लाख हेक्टर इतका, म्हणजे सर्वांत मोठा होता. म्यानमारची रोपवने सुमारे ४ लाख हेक्टरांवर होती. म्हणजेच नैसर्गिक सागवानात म्यानमार आणि लावलेल्या सागवानात भारत आघाडीवर आहे. असे असूनही भारत सागवानाचा निव्वळ आयातदार आहे, कारण देशांतर्गत मागणी उत्पादनाहून पुष्कळ अधिक आहे.

इतिहास

मलबारचे सागवान आणि मुंबईची गोदी

अठराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरील सागवानाला जहाजबांधणीमुळे महत्त्व आले. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यानपिढ्या जहाजे बांधली. सागवानातील नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात कुजत नाही आणि त्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. या गुणांमुळे ओकच्या टंचाईने ग्रासलेल्या ब्रिटिश आरमाराने सागवानी जहाजांना पसंती दिली. १८१३ मध्ये मुंबईत बांधलेल्या "कॉर्नवॉलिस" या युद्धनौकेवर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. १८१७ मध्ये मुंबईतच बांधलेली "ट्रिंकोमाली" आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेली आहे.

या काळातील सागवानाची निर्यात अनेकदा लाकूड म्हणून नोंदली गेली नाही. ती तयार जहाजाच्या रूपाने देशाबाहेर गेली. मागणी वाढताच मलबारची जंगले झपाट्याने विरळ झाली. १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक केली. १८४० च्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी कॉनोली यांच्या पुढाकाराने निलांबूर येथे सागवानाची लागवड सुरू झाली.

ब्रह्मदेशाकडे वळलेला व्यापार

पहिल्या इंग्रज-बर्मी युद्धानंतर १८२६ मध्ये तेनासरीम प्रांत कंपनीच्या ताब्यात आला आणि मौलमीन हे बंदर सागवान व्यापाराचे केंद्र बनले. १८५२ मध्ये पेगू प्रांत जिंकला गेला. १८५६ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस यांची पेगूच्या जंगलांचे अधीक्षक म्हणून नियुक्ती झाली. झाडांचा घेर मोजून ठरावीक घेरापेक्षा मोठी झाडेच तोडण्याची जी पद्धत त्यांनी घालून दिली, तिच्यातून पुढे म्यानमारची निवडक तोड पद्धती विकसित झाली. ब्रँडिस १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले.

१८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने उत्तर ब्रह्मदेशातील सागवानाचे हक्क मिळवले. १८८५ मध्ये राजा थिबाच्या मंत्रिपरिषदेने, कंपनीने नोंदवल्यापेक्षा जास्त ओंडके नेऊन स्वामित्वधन बुडवले, असा ठपका ठेवून तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. हा वाद तिसऱ्या इंग्रज-बर्मी युद्धाचे निमित्त ठरला. नोव्हेंबर १८८५ मध्ये थिबा पदच्युत झाला आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात विलीन करण्यात आला. थिबाला रत्नागिरी येथे नजरकैदेत ठेवण्यात आले व १९१६ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. रत्नागिरीतील थिबा राजवाडा या घटनाक्रमाची आठवण देतो. जंगलातून निघालेले ओंडके आणि कागदावर नोंदलेले ओंडके यांतील फरक हा सागवान व्यापारातील जुना प्रश्न आहे, हे या वादावरून दिसते.

१९३७ ची विभागणी

१ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश ब्रिटिश भारतापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला. तोपर्यंत रंगूनहून मुंबईस किंवा कलकत्त्यास येणारे सागवान हा साम्राज्यांतर्गत किनारी व्यापार होता आणि रंगूनहून लंडनला जाणारे लाकूड भारताच्या परदेशी निर्यातीत धरले जाई. १९३७ नंतर तेच लाकूड भारताच्या दृष्टीने आयात आणि ब्रह्मदेशाच्या दृष्टीने निर्यात ठरले. यामुळे दीर्घकालीन आलेखात या वर्षी दिसणारा बदल जंगलातील तोडीत झालेला नसून हिशेबाच्या रेषेत झालेला आहे.

स्वातंत्र्यानंतरचा काळ

जपानी आक्रमणामुळे १९४२ ते १९४५ या काळात ब्रह्मदेशातील सागवान व्यवसाय विस्कळीत झाला. ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाल्यावर स्टेट टिंबर बोर्ड स्थापन करून हा व्यवसाय सरकारच्या हाती घेण्यात आला. पुढे हे काम म्यानमा टिंबर एंटरप्राइझ या सरकारी उपक्रमाकडे आले. तांदळाखालोखाल सागवान हे देशाला परकीय चलन मिळवून देणारे महत्त्वाचे उत्पादन होते. १९८९ मध्ये थायलंडने आपल्या नैसर्गिक जंगलांत तोडबंदी लागू केली, त्या सुमारास सीमेलगतच्या बर्मी जंगलांतील तोडीचे ठेके थाई कंपन्यांना मिळाले. त्यामुळे तेथील जंगलांवरचा ताण वाढला.

भारतात याच्या उलट दिशेने धोरण बदलत गेले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांच्या गरजेपेक्षा पर्यावरणीय समतोल आणि स्थानिक रहिवाशांच्या गरजा यांना अग्रक्रम दिला. १२ डिसेंबर १९९६ रोजी टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने, मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलातील तोड थांबवली. आरागिरण्यांच्या परवान्यांवरही निर्बंध आले. गोल लाकडाच्या निर्यातीवर भारतात बंदी आहे. आयात केलेल्या ओंडक्यांपासून चिरलेल्या लाकडाच्या निर्यातीस अटींसह मुभा दिली गेली. देशांतर्गत पुरवठा आटला आणि आयात मात्र खुली राहिली. या दोन्हींच्या एकत्रित परिणामाने म्यानमारच्या सागवानाचा भारत हा प्रमुख ग्राहक बनला.

म्यानमारची ओंडका निर्यातबंदी

१ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी घातली. लाकूड देशातच चिरले जावे आणि त्यातील मूल्यवर्धनाचा लाभ स्थानिक उद्योगाला मिळावा, हा तिचा हेतू होता. २०१६-१७ या वर्षासाठी देशभर तोडबंदी आणि बागो योमा पर्वतरांगेत दहा वर्षांची तोडबंदी जाहीर झाली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतल्यानंतर अमेरिकेने एप्रिल २०२१ मध्ये आणि युरोपीय संघाने जून २०२१ मध्ये म्यानमा टिंबर एंटरप्राइझवर निर्बंध लादले.

ओंडक्यांचा पुरवठा थांबल्यावर भारतीय व्यापाऱ्यांनी इक्वेडोर, पनामा, कोस्टा रिका, ब्राझील, घाना, बेनिन, टांझानिया आदी देशांतील रोपवनांच्या सागवानाकडे मोर्चा वळवला. हे ओंडके सामान्यतः कमी वयाचे व कमी घेराचे असतात आणि त्यांना जुन्या बर्मी सागवानाइतका दर मिळत नाही.

नागपूर आणि मध्य भारतीय सागवान

१८६१ मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली. १८६५ मध्ये सातपुड्यातील बोरी येथील सागवान जंगल राखीव करण्यात आले. भारतातील सर्वांत आधी राखीव झालेल्या जंगलांत त्याची गणना होते. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि मध्य प्रांतातील लाकूड दूरच्या बाजारपेठांना जोडले गेले. या प्रदेशाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून येथील मालाला व्यापारात "सीपी टीक" असे नाव पडले आणि प्रांत इतिहासजमा झाल्यावरही ते टिकून राहिले. सोनेरी छटा आणि उठावदार रेषा ही या लाकडाची ओळख मानली जाते. आलापल्ली, बल्लारशा आणि मेळघाटच्या पायथ्याचे परतवाडा ही विदर्भातील लाकूड आगारांची परिचित ठिकाणे आहेत. आलापल्लीजवळील "वनवैभव" या जुन्या जंगलक्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा देण्यात आला आहे.

महाराष्ट्र वनविकास महामंडळाची स्थापना १९७४ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय नागपुरात आहे. कमी उत्पादक जंगलांच्या जागी मौल्यवान प्रजातींची, मुख्यतः सागवानाची रोपवने उभारणे, हे महामंडळाचे काम आहे. विरळणी व अंतिम तोडीतून निघणारा माल आगारात आणून लांबी, घेर आणि प्रत यांनुसार त्याच्या थप्प्या लावल्या जातात व लिलावाने विकल्या जातात. नागपूरमधील लकडगंज ही वस्ती नावाप्रमाणेच लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्यांसाठी ओळखली जाते. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूर येथून सागवान समारंभपूर्वक रवाना करण्यात आले. २८ मे २०२३ रोजी उद्‌घाटन झालेल्या संसदेच्या नव्या इमारतीसाठीही नागपूरहून सागवान नेण्यात आले.

या सर्व व्यवहाराचे मूल्य देशांतर्गत विक्रीत धरले जाते. गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी असल्याने आगारातील ओंडक्याला परदेशी ग्राहक नसतो. तरीही त्याचा दर परदेशी घडामोडींपासून अलिप्त राहत नाही. आयात सागवान महागले किंवा दुर्मिळ झाले, की दार-चौकटी आणि फर्निचर तयार करणारे मध्य भारतीय मालाकडे वळतात.

या व्यापाराचा सामाजिक भागही महत्त्वाचा आहे. खासगी जमिनीवरील सागवान तोडण्यास परवानगी आणि वाहतुकीसाठी परवाना लागतो. आदिवासी खातेदारांची झाडे कवडीमोल भावाने घेतली जाऊ नयेत, म्हणून महाराष्ट्रात १९६९ मध्ये त्यांच्या झाडांच्या विक्रीचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला. दुसरीकडे, मिश्र जंगलाच्या जागी केवळ सागवान उभे राहिल्याने मोह, तेंदू, बांबू यांवरील उपजीविका आणि वन्यप्राण्यांचा अधिवास यांना बाधा येते, असा आक्षेप जंगलालगतच्या गावांतून व पर्यावरण अभ्यासकांकडून घेतला जातो. या वनोपजांचा लाभ किंवा त्यांची हानी निर्यात मूल्यात कोठेही उमटत नाही.

मूल्यांची तुलना करताना येणाऱ्या अडचणी

एकके : भारतात लाकूड घनमीटर व घनफुटांत मोजले जाते. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. म्यानमारमध्ये ओंडक्यांसाठी हॉपस टन हे एकक रूढ आहे. एक हॉपस टन सुमारे १.८ घनमीटर भरतो. चिरलेल्या लाकडासाठी वापरला जाणारा ५० घनफुटांचा टन मात्र सुमारे १.४२ घनमीटरच असतो. १०० हॉपस टन माल चुकून १०० घनमीटर समजला गेला, तर प्रतिघनमीटर दर प्रत्यक्षाच्या १.८ पट दिसतो.

चलनदर : म्यानमारमध्ये अनेक वर्षे एका डॉलरचा अधिकृत दर सुमारे ६ क्यात होता, तर खुल्या बाजारातील दर त्याच्या कितीतरी पट होता. एप्रिल २०१२ मध्ये नवी व्यवस्था आली, तेव्हा प्रारंभिक दर ८१८ क्यात ठरला. १ लाख क्यात मूल्याची निर्यात जुन्या दराने सुमारे १६,७०० डॉलर, तर नव्या दराने सुमारे १२२ डॉलर भरते. भारतीय रुपयाचेही १९६६ आणि १९९१ मध्ये अवमूल्यन झाले. १९६६ मध्ये डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला.

किमतीचा आधार : निर्यातदार देश सामान्यतः माल जहाजावर चढवेपर्यंतची किंमत नोंदवतो, तर आयातदार देश त्यात विमा व भाडे मिळवून नोंद करतो. त्यामुळे एकाच मालाचे मूल्य दोन देशांच्या दफ्तरांत वेगळे दिसणे स्वाभाविक आहे.

मालाचे स्वरूप : ओंडका चिरताना त्याचा बराच भाग भुसा व तुकड्यांच्या रूपाने जातो. म्हणून ओंडक्यांऐवजी चिरलेले लाकूड पाठवू लागलेल्या देशाची निर्यात घनमीटरांत घटूनही प्रतिघनमीटर मूल्य वाढलेले दिसते. २०१४ नंतरची म्यानमारची आकडेवारी वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते. भारताच्या बाबतीत लाकडी निर्यातीचा मोठा भाग फर्निचर व हस्तकलेच्या वस्तूंचा असल्याने केवळ ४४०३ आणि ४४०७ ही शीर्षके पाहिल्यास चित्र अपुरे राहते.

महागाई : दीर्घ कालावधीच्या तुलनेत चालू किमतींऐवजी स्थिर किमती वापरणे आवश्यक असते. अन्यथा किमतीतील सर्वसाधारण वाढ व्यापारातील वाढ म्हणून मोजली जाते.

नोंदींतील तफावत

दोन देशांच्या नोंदींची परस्पर पडताळणी करणे, म्हणजे एकाची निर्यात आणि इतरांची त्याच्याकडून झालेली आयात जुळवून पाहणे, ही लाकूड व्यापाराच्या अभ्यासातील प्रचलित पद्धत आहे. एन्व्हायर्नमेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, २००० ते २०१३ या काळात जगभरातील देशांनी नोंदवलेल्या म्यानमारी ओंडक्यांच्या आयातीपैकी केवळ सुमारे २८ टक्के आयातीशी जुळणारी निर्यात म्यानमारच्या अधिकृत आकडेवारीत होती. उरलेल्या सुमारे ७२ टक्के मालाची तेथे नोंद नव्हती. किमतीच्या आधारातील किंवा एककांतील फरकाने एवढी मोठी तफावत स्पष्ट होत नाही. तिच्यामागे बेकायदा तोड, सीमेवरील चोरटा व्यापार आणि शासनाबाहेरील सशस्त्र गटांच्या ताब्यातील प्रदेशांतून होणारी वाहतूक ही कारणे सांगितली जातात. न नोंदलेल्या ओंडक्यावर स्वामित्वधन मिळत नाही आणि तोडीची मर्यादा ठरवताना तो हिशेबात येत नाही. परिणामी जंगल व सरकारी महसूल या दोहोंचे नुकसान होते.

कालखंडनिहाय तुलना

१८०० ते १८२५ : मलबारचे सागवान लाकूड व जहाजांच्या रूपाने बाहेर जाई. ब्रह्मदेशाची जंगले बर्मी राजसत्तेखाली होती.

१८२६ ते १९३६ : ब्रह्मदेशाची निर्यात वाढत गेली. टप्प्याटप्प्याने जिंकलेल्या प्रदेशांचे लाकूड ब्रिटिश भारताच्या व्यापारात मोजले गेले.

१९३७ ते १९४७ : दोन स्वतंत्र नोंदी सुरू झाल्या. युद्धामुळे व्यापारात खंड पडला.

१९४८ ते १९९५ : म्यानमारमध्ये सरकारी मक्तेदारीखाली निर्यात चालू राहिली. भारतात देशांतर्गत वापर वाढला आणि निर्यात आक्रसली.

१९९६ ते २०१३ : भारत मोठा आयातदार झाला. म्यानमारच्या ओंडक्यांच्या निर्यातीत भारताचा वाटा प्रमुख राहिला.

२०१४ नंतर : म्यानमारची ओंडक्यांची अधिकृत निर्यात थांबली आणि चिरलेल्या लाकडाला महत्त्व आले. भारताने आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील रोपवनांच्या मालाकडे मोहरा वळवला.

या कालक्रमात निर्यात मूल्याचा प्रत्येक मोठा चढ-उतार एखाद्या राजकीय किंवा कायदेशीर निर्णयाशी जोडलेला आढळतो. त्यामुळे निर्यात घटणे हे जंगल संपल्याचे आणि निर्यात वाढणे हे जंगल समृद्ध असल्याचे लक्षण मानता येत नाही. निर्यात मूल्याच्या जोडीला वनक्षेत्र, मंजूर तोडीचे प्रमाण, देशांतर्गत वापर आणि भागीदार देशांच्या आयातीच्या नोंदी तपासल्यासच दोन देशांच्या सागवान व्यापाराची तुलना अर्थपूर्ण ठरते.